पंपाचा फ्यूज

आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे दिल्लीला राहायला आले. आर. के. पुरममध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं सरकारी क्वार्टर आहे. दोन खोल्या, काचा लावून बंद केलेली बाल्कनी, आणि खाली कडुलिंबाच्या झाडाखाली आठ वर्षांची जुनी पेट्रोल गाडी. कागदावर गाडी माझी, पण चालवते माझी बायको. तिचं ऑफिस गुरुग्रामला, माझं मंत्रालयातलं सेक्शन मेट्रोने पंचवीस मिनिटांवर. मला गाडी चालवता येते, आवडत नाही.

अण्णांनी सगळी नोकरी आमच्या गावच्या बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली. ते मेकॅनिक होते आणि गावात त्यांच्या कानाचं कौतुक होतं. लांबून येणाऱ्या बसचा आवाज ऐकून डिझेल फवारणारा कुठला नोझल खराब आहे ते सांगायचे, असं लोक म्हणत. रविवारी आमच्या अंगणात कुणाची तरी जीप नाहीतर स्कूटर उघडून पडलेली असायची. मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांच्या बाजूला उकिडवा बसून राहायचो. थोड्या वेळाने ते मान वर न करता म्हणायचे, "जा, अभ्यास कर." एकदा त्यांनी बारा नंबरचा पाना मागितला आणि मी चौदाचा दिला. हात लांब करून त्यांनी स्वतःच बाराचा उचलला. ओरडले असते तर मी कदाचित विसरलो असतो.

मी अभ्यास केला, परीक्षा दिल्या, दिल्लीला आलो. हे सगळं मी विसरलो आहे असं मला वाटत होतं.

जानेवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी बायको ऑफिसला जायला खाली गेली आणि पाच मिनिटांत तिचा फोन आला. गाडी चालू होत नव्हती. आदल्या संध्याकाळी तिने नीट आणून लावली होती. मी खाली गेलो. तिने किल्ली फिरवली की इंजिन जोरात फिरायचं, पण पकडायचं नाही. तिने चार-पाच वेळा करून दाखवलं. मी म्हणालो, थंडी आहे, बॅटरी गेली. एवढ्या सकाळी कोण मिळणार असं ती म्हणत होती, पण मी मेकॅनिक आणायला निघालोसुद्धा. संकटात धावपळ करणारा माणूस आपण असावं असं मला नेहमी वाटतं.

मार्केटजवळच्या पेट्रोल पंपाच्या मागे एकजण नुकताच शटर वर करत होता. त्याचा चहा होईपर्यंत थांबलो, मग त्याच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर त्याची बॅटरी आणि जोडायच्या वायरी घेऊन परत आलो. सगळं मिळून पाऊण तास गेला असेल. कॉलनीच्या गेटातून आत वळलो तेव्हा आमच्या गाडीचं इंजिन चालू होतं. बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, दार उघडं होतं, तिच्या हाताला काळं लागलेलं होतं. उघड्या बॉनेटपाशी अण्णा माकडटोपी घालून उभे होते, आणि हसत होते.

आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी बॅटरी मांडीवर धरून तसाच स्कूटरवर बसून राहिलो. मेकॅनिकने एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "साहब, इनके रहते मुझे क्यों लाए?"

काय झालं होतं ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी कळलं. बायकोने ते आमच्या मुलीला रंगवून सांगितलं, मी भात कालवत ऐकलं. मी गेल्यावर अण्णा खाली आले. त्यांनी गाडीला हात लावला नाही, तिला प्रश्न विचारले. हेडलाइट लावून सेल्फ मार, लाइट एकदम मंद होतात का? होत नव्हते. इंजिन कसं फिरतंय, दमल्यासारखं की जोरात? जोरात. मग बॅटरीत दोष आहे का? ती म्हणाली, नाही. मग त्याला काय मिळत नाहीये? तिने विचार करून सांगितलं, पेट्रोल किंवा करंट. मग अण्णांनी तिला मागच्या सीटवर कान लावून बसायला सांगितलं आणि स्वतः किल्ली अर्धी फिरवली. टाकीतला पंप अशा वेळी दोन सेकंद गुणगुणतो. तो गप्प होता.

इथपर्यंत अण्णांना येत होतं. पुढचं येत नव्हतं, कारण त्यांचं आयुष्य जुन्या डिझेल बसमध्ये गेलेलं आणि या गाडीत पंपाला वीज कुठून जाते ते त्यांना माहीत नव्हतं. मग तिने डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. फ्यूजच्या डबीचं चित्र सापडलं. त्यात वीज चालू-बंद करणारे छोटे चौकोनी रिले होते, आणि हॉर्नचा रिले अगदी पंपाच्या रिलेसारखाच होता. अण्णा म्हणाले, त्यांची अदलाबदल करून बघ. तिने केली, आणि पंपाचा बिघडलेला रिले हॉर्नच्या जागी गेला. पंप गुणगुणला, इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

"आणि मग मी हॉर्नशिवाय गुरुग्रामला गेले आणि परत आले," बायको म्हणाली. "अख्ख्या दिल्लीत आज मी एकटीच सभ्य होते."

मुलगी अण्णांना म्हणाली, "आबा, करंट आला की इंजिनमध्ये काय होतं?" अण्णा म्हणाले, ठिणगी पडते. "ठिणगी म्हणजे?" बायकोने सांगितलं, स्पार्क. "अच्छा, स्पार्क." तिघंही हसले. मी ताट उचलून आत गेलो.

त्यानंतर शनिवारची दुपार अण्णा आणि बायकोची झाली. ऊन आलं की ते खाली जायचे, बॉनेट उघडायचे, तास-दीड तास तिथेच. मी बाल्कनीच्या काचेतून बघायचो. अण्णा प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले, ती वाकलेली, मध्येच तिचा हात वर जायचा, अण्णा मान हलवायचे. अंगणात माझ्यासाठी जी जागा नव्हती ती हीच, असं वाटायचं. ती बारावीपर्यंत सायन्स शिकलेली, ऑफिसात लोकांच्या पगाराचं आणि रजेचं सॉफ्टवेअर सांभाळणारी बाई. तिला इंजिनाशी काय देणंघेणं होतं? हा प्रश्न मी मनातल्या मनात इतक्या वेळा विचारला की मला त्याची लाज वाटायची.

जेवतानाही तेच. अण्णा विचारायचे, समजा, किल्ली फिरवली आणि नुसता टक् असा एकच आवाज आला, तर? ती विचार करायची. अण्णा घास हातात धरून थांबायचे. ती म्हणायची, बॅटरीची टर्मिनल सैल नाहीतर गंजलेली, तीही ठीक असतील तर सेल्फची मोटर. बरं, आणि काहीच आवाज नाही, डॅशबोर्डवर दिवेही नाहीत, तर? मी मध्येच म्हणालो, "बॅटरी." मुलगी हसली. "पप्पांचं उत्तर फिक्स आहे," ती म्हणाली.

मग मी मेट्रोत येता-जाता मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. शेजारच्याला दिसू नये म्हणून स्क्रीन छातीजवळ धरायचो. महिन्याभरात बरंच कळलं. एका संध्याकाळी अण्णांनी विचारलं की इंजिन गरम असताना चालू होत नाही आणि थंड झालं की होतं, तर काय बघायचं. बायकोला येत नव्हतं. मी सांगितलं, क्रँकचा सेन्सर, इंजिनाचे फेरे मोजणारा. बरोबर होतं. अण्णा "हं" म्हणाले आणि तिच्याकडे वळून पुढचा प्रश्न विचारला.

त्या "हं"वर मी आठवडाभर जळत होतो. शेवटी जे केलं ते मी एरवी कुणाला सांगितलं नसतं.

मार्चमधल्या एका रविवारी बायकोच्या भावाने आम्हाला नोएडाला जेवायला बोलावलं होतं. शनिवारी संध्याकाळी मुलीची बॅडमिंटनची रॅकेट गाडीत राहिली होती. मी म्हणालो, मी आणतो. खाली जाऊन आधी इकडेतिकडे पाहिलं, मग बॉनेट उघडलं, फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं आणि पंपाचा फ्यूज चिमट्याने उपटून शर्टाच्या खिशात टाकला. निळ्या रंगाचा, नखाएवढा, वर पंधरा लिहिलेला. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, माझ्या सहीने फायली पुढे जात होत्या, आणि स्वतःच्याच गाडीपाशी चोरासारखा उभा होतो. बेत साधा होता. सकाळी गाडी चालू होणार नाही, दोघं शोधत बसतील, आणि मग मी शोधून देईन. अण्णा बघतील.

सकाळी तसंच झालं. इंजिन फिरलं, पकडलं नाही. मुलगी मागच्या सीटवर मोबाइल घेऊन बसली होती. बायको खाली उतरली आणि अण्णांना म्हणाली, पुन्हा पंपच असेल का, एकदा आवाज ऐकूया. मी म्हणालो, "थांब, मला बघू दे जरा." तिने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. मी बॉनेट उघडलं, थोडं इकडेतिकडे पाहिल्यासारखं केलं, मग डबीचं झाकण काढून बोट ठेवलं. "हा बघा. पंपाचा फ्यूजच नाहीये इथे."

झाकणाच्या आतल्या बाजूला जादा फ्यूज अडकवून ठेवलेले असतात, त्यातला एक मी बसवला. गाडी चालू झाली. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचा आवाज अगदी खरा होता. "बघा अण्णा, हाही शिकला की."

अण्णांनी मला एवढंच विचारलं, "पंपाचा आवाज ऐकलास का आधी?"

मी म्हणालो, नाही, अंदाज केला. ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

नोएडापर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. बायको गाडी चालवता चालवता बोलत होती, फ्यूज गेला कुठे? जळला असता तर जागेवर असता. उंदीर वायर कुरतडतात, फ्यूज नेत नाहीत. कुणी चोरला असेल तर एवढीशी वस्तू कशाला चोरेल? मागे बसून मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत होतो. फ्यूज कालच्या शर्टाच्या खिशातच राहू द्यायचा होता, पण निघताना मी तो पँटच्या खिशात टाकला होता. का, ते मला सांगता येणार नाही. घरात कुणाला सापडेल ही भीती असावी.

जेवण झाल्यावर अण्णा म्हणाले, जरा पाय मोकळे करू. आम्ही दोघं लिफ्टने खाली आलो आणि सोसायटीच्या बागेत एका बाकावर बसलो. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"दे."

मी खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून आतली तार अखंड आहे का ते पाहिलं. ती सवयच होती.

"बॉनेट आतून उघडतं. किल्ली घरात असते," ते म्हणाले. "आणि तू सरळ तिथंच गेलास. ज्याला माहीत नसतं तो असा सरळ जात नाही."

मी एकदम बोलायला लागलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. बाराचा पाना आठवला. जा अभ्यास कर आठवलं. तिला तुम्ही दोन महिन्यांत एवढं शिकवलंत, मला चाळीस वर्षांत एक स्क्रू लावायला दिला नाहीत, असं काहीसं म्हणालो. आवाज चढला नाही, पण नीट निघतही नव्हता. समोर एक माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. तो थोडा लांब गेला.

अण्णांनी फ्यूज बोटांत फिरवला. मग म्हणाले, "तू कधी गाडीकडे बघितलंच नाहीस. तू माझ्याकडे बघायचास."

"मग त्यात वाईट काय होतं?"

"वाईट नव्हतं," ते म्हणाले. "पण लेकरू असं तोंडाकडे बघत बसलं की माझा हात थरथरायचा. काम बिघडायचं. म्हणून आत पाठवायचो."

हे त्यांनी आधी कधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. त्यांना ते बहुधा त्या बाकावर बसेपर्यंत माहीत नसावं.

उठताना त्यांनी फ्यूज मला परत दिला आणि म्हणाले, तिला सांग. मी म्हणालो, कशाला, झालं ते झालं. तेव्हा मात्र त्यांचा आवाज डेपोतला झाला. "ती आता रोज सकाळी डबी उघडून बघेल. आपलं काय चुकलं ते शोधेल. शिकणाऱ्यापुढे खोटा फॉल्ट ठेवायचा नाही. वर्कशॉपमध्ये असं करणाऱ्याला मी उभं केलं नसतं."

मी लगेच सांगितलं नाही. सोमवारी ती खरंच निघण्यापूर्वी बॉनेट उघडून बघत होती. मंगळवारी तिने कॉलनीच्या गार्डला विचारलं, शनिवारी कुणी गाडीपाशी दिसलं का. तो बिचारा घाबरला, साहब के सिवा कोई नहीं था मॅडम, असं म्हणाला. हे ती मला हसत सांगत होती. तिच्या मनात शंका आलीच नव्हती. त्या संध्याकाळी, अण्णा मुलीला घेऊन दूध आणायला गेले असताना, मी तिला सांगितलं.

ती आधी हसली, थट्टा वाटली असावी. मग माझा चेहरा पाहून तिचं हसू गेलं.

"मी ऑफिसात सांगितलं," ती म्हणाली. "लंचला सगळ्यांना. की माझ्या नवऱ्याने शोधलं."

तिने आरडाओरडा केला नाही. चार दिवस कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना, मी न विचारता म्हणाली, "तुला माहितीये मी अण्णांबरोबर का बसते? मला गाडीचं वेड नाहीये. या घरात तेच एकटे प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतात. तू प्रश्न विचारतोस आणि उत्तरही तूच देतोस."

मी काहीतरी उत्तर देणार होतो. ती माझ्याकडे बघत होती, म्हणून दिलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने मला मुद्दाम खाली पाठवलं, स्वतः वर थांबली. अण्णांनी मला बॅटरीची टर्मिनल साफ करायला दिली. आधी काळी वायर काढायची, मग लाल. लावताना उलट. गरम पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश. पांढरी भुकटी निघेपर्यंत घासायचं. मी घासत होतो आणि वीस मिनिटांत मला सरळ कंटाळा आला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळत होतो त्यात मला काडीचाही रस नव्हता. मी घड्याळ बघितलं ते अण्णांनी पाहिलं. त्यांनी ब्रश माझ्या हातातून घेतला, उरलेलं दोन मिनिटांत संपवलं आणि दुसरं स्टूल ओढून मला बस म्हणाले.

मग त्यांनी विचारलं की मी ऑफिसात दिवसभर नेमकं करतो काय. हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. मी एका फायलीचा प्रवास सांगितला, कुठून येते, कुणाकडे जाते, कुठे अडते. त्यांनी विचारलं, अडली हे तुला कसं कळतं? मी सांगू लागलो. सांगता सांगता ऊन कडुलिंबाच्या पलीकडे गेलं, आणि बायकोने बाल्कनीतून चहासाठी हाक मारली तेव्हा माझं अर्धंच सांगून झालं होतं.

मार्च संपता संपता, उन्हाळा सोसणार नाही म्हणून अण्णा गावी परत गेले. आता रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, आणि तो बायकोच्या मोबाइलवर येतो. पहिली दहा मिनिटं गाडीची. गेल्या आठवड्यात तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीची गाडी बंद पडली होती, ती हिने फोनवरून प्रश्न विचारून चालू करून दिली, ते ती त्यांना सविस्तर सांगत होती. पलीकडून अण्णांचं हसणं मला सोफ्यापर्यंत ऐकू येत होतं. मला अजूनही जळतं. पूर्वीइतकं नाही, पण जळतं, आणि मी ते आता तिच्यापासून लपवत नाही.

"घे," ती फोन माझ्याकडे देत म्हणाली, "तुझी पाच मिनिटं."

मी फोन घेतला. अण्णांनी विचारलं, ती अडकलेली फाइल निघाली का.